विमानाला शिडी लागण्याआधी

लिस्बनमध्ये तेजो नदीच्या काठी जेरोनिमुश नावाचा सोळाव्या शतकातला मठ आहे. त्याच्या चर्चमध्ये पाऊल टाकलं की दाराच्या दोन बाजूंना दोन दगडी थडगी दिसतात. एक वास्को द गामाचं. दुसरं लुईश द कामोंइश या कवीचं. यानं गामाच्या सफरीवर महाकाव्य रचलं आणि आयुष्यातली काही वर्षं गोव्यात काढली. ७ एप्रिल २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू या चर्चमध्ये आल्या आणि त्यांनी कवीच्या थडग्यावर पुष्पचक्र वाहिलं.

पोर्तुगालला येणाऱ्या राष्ट्रप्रमुखांनी कामोंइशला आदरांजली वाहायची, अशी तिथली प्रथाच आहे. तरीही गोव्याच्या माणसाला त्या दोन थडग्यांमधलं अंतर केवळ चार पावलांचं वाटणार नाही. अशा ठिकाणी पाहुण्यानं कुठल्या दारानं यायचं, कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, तोंड कुणीकडे करायचं, कॅमेरे कुठे उभे करायचे यातलं काहीही त्या दिवसावर सोडलेलं नसतं. टीव्हीवर ते दृश्य फार तर अर्धा मिनिट दिसतं. त्या अर्ध्या मिनिटामागे दोन देशांच्या शेकडो माणसांची काही महिन्यांची मेहनत असते, आणि ती बहुतेक कुणाला दिसत नाही. मला ती दाखवायची आहे.

आधी या भेटीचं निमित्त. गोव्याच्या प्रश्नावरून १९५५ मध्ये भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध तुटले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण लिस्बनच्या हुकूमशाही सरकारनं ते मानलंच नाही. १९७४ मध्ये पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, नवी दिल्लीत करार झाला. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालनं मान्य केलं. त्यावर पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेश यांची सही आहे आणि भारतातर्फे आपल्या यशवंतराव चव्हाणांची. तुटलेले संबंध पुन्हा जुळल्याला २०२५ मध्ये पन्नास वर्षं झाली. भारताचे राष्ट्रपती यापूर्वी पोर्तुगालला गेले होते ते १९९८ साली, के. आर. नारायणन. म्हणजे मध्ये सत्तावीस वर्षं गेली होती. पन्नाशी आणि सत्तावीस वर्षांची खोळंबलेली भेट अशी दोन कारणं एकत्र आली, की परराष्ट्र मंत्रालयात फाइल हलायला लागते.

राष्ट्रप्रमुखांच्या मनात आलं आणि ते निघाले, असं होत नाही. आपल्याकडे राष्ट्रप्रमुख म्हणजे राष्ट्रपती आणि सरकारप्रमुख म्हणजे पंतप्रधान. राष्ट्रपतींचा परदेश दौरा सरकारच्या सल्ल्यानं ठरतो. पंतप्रधानांचे दौरे साधारणपणे तातडीच्या कामांभोवती फिरतात, शिखर परिषदा, संरक्षण, व्यापार. जगात जवळपास दोनशे देश आहेत आणि पंतप्रधान सगळीकडे पोचू शकत नाहीत. मग अशा देशांना 'आम्ही तुम्हाला विसरलेलो नाही' हे सांगायला राष्ट्रपती जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुर्मू अल्जीरिया, मॉरिटानिया आणि मलावी या तीन देशांत गेल्या. तिन्ही ठिकाणी भारताच्या राष्ट्रपती पहिल्यांदाच जात होत्या. आपल्या वर्तमानपत्रांत अशा दौऱ्याची बातमी आतल्या पानावर येते. तिथे मात्र ती पहिल्या पानावर असते, आणि दौरा त्यासाठीच केलेला असतो.

भेटींच्याही पायऱ्या आहेत. सगळ्यांत वरची 'राजकीय भेट'. इथे राजकीय म्हणजे पक्षांचं राजकारण नव्हे. एका राष्ट्राची दुसऱ्या राष्ट्राशी भेट, असा तो अर्थ. तोफांची सलामी, मानवंदना, शाही मेजवानी असा सगळा सरंजाम तिथे असतो. त्याखाली 'अधिकृत भेट', त्याखाली फक्त चर्चेपुरती 'कामकाजी भेट', आणि मग खासगी दौरा किंवा विमानात इंधन भरताना दिलेली धावती भेट. अमेरिकेत राष्ट्रप्रमुखाला २१ तोफांची आणि सरकारप्रमुखाला १९ तोफांची सलामी, असा जुना रिवाज आहे. ब्रिटनमध्ये निमंत्रण राजा किंवा राणीच्या नावानं जातं, पण बोलवायचं कुणाला हे सरकार ठरवतं, आणि एका वर्षात साधारण दोनच पाहुण्यांना हा मान मिळतो. ऑक्टोबर २००९ मध्ये तो प्रतिभाताई पाटील यांना मिळाला. एलिझाबेथ राणीच्या पाहुण्या म्हणून त्या विंडसरच्या किल्ल्यात राहिल्या. जळगावात वाढलेली बाई भारताच्या राष्ट्रपती म्हणून तिथे उतरली, हे आठवलं की आजही ऊर भरून येतो. पण तयारीच्या दृष्टीनं पाहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. पुढच्या वर्षी दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा व्हायच्या होत्या आणि त्यांची मशालीसारखी फिरणारी बॅटन लंडनहून निघणार होती. ती निघाली २९ ऑक्टोबर २००९ रोजी, बकिंगहॅम राजवाड्यातून, राणी आणि राष्ट्रपती दोघींच्या उपस्थितीत. दोन वेगळी कामं एका दौऱ्यात बसवली गेली. कुणीतरी खूप आधी कॅलेंडर समोर ठेवून हे जुळवलेलं असतं.

या सगळ्यात तारखेचं महत्त्व फार मोठं आहे. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त निघाला की घराचा रंग, दागिने, वर्षभर रखडलेलं गच्चीचं काम, सगळं त्या दिवसाच्या आत होतं. दौऱ्याचंही तसंच आहे. एखादा करार दोन देशांच्या खात्यांमध्ये चार-चार वर्षं फिरत राहतो. एक खातं हरकत घेतं, दुसरं उत्तर देत नाही, अर्थखातं आकडे मागतं. मग दौऱ्याची तारीख पक्की होते आणि परराष्ट्र मंत्रालयातला अधिकारी सगळ्या खात्यांना कळवतो, अमुक तारखेला सही व्हायची आहे. तेव्हा कुठे फाइली उघडतात. म्हणूनच 'भेटून उपयोग काय, नुसते फोटोच तर काढतात' असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. भेट ठरलीच नसती, तर निम्मी कामं झालीच नसती.

लिस्बनच्या भेटीत दोन्ही राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत संयुक्त टपाल तिकिटं प्रकाशित झाली. भारताच्या तिकिटावर राजस्थानचा कालबेलिया पोशाख आणि पोर्तुगालच्या तिकिटावर व्हियाना द कास्तेलोचा पारंपरिक पोशाख. दिसायला गोष्ट किती छोटी. पण त्यासाठी दोन टपालखाती, दोन चित्रं, दोन मंजुऱ्या आणि दोन छापखाने यांना एकाच दिवसासाठी तयार राहावं लागतं.

तारखा ठरतात त्या दूतावासामार्फत. दोन सरकारांमधला रोजचा पत्रव्यवहार एका खास प्रकारच्या पत्रानं चालतो. त्यात 'मी' नसतो, 'आम्ही' नसतं. 'भारताचा दूतावास परराष्ट्र मंत्रालयाला सादर अभिवादन करतो आणि कळवतो की...' अशी तृतीयपुरुषी सुरुवात असते. खाली नेहमीसारखी पूर्ण सही नसते, शिक्का आणि आद्याक्षरं असतात. पत्र माणसाचं नाही, राष्ट्राचं आहे, हे त्या भाषेतून सांगायचं असतं. पाहुण्यासोबत कोण कोण येणार, सुरक्षारक्षकांकडे कोणती शस्त्रं असतील, कोणते वायरलेस संच चालतील, औषधं कोणती, रक्तगट कोणता, सामानाचे किती नग, हे सगळं अशाच पत्रांतून जातं.

मग अग्रिम पथक निघतं. राजशिष्टाचार विभागाचे, सुरक्षेचे आणि प्रसिद्धीचे अधिकारी काही आठवडे आधी त्या देशात जातात आणि पाहुणा जिथे जिथे जाणार ती प्रत्येक जागा पायी चालून बघतात. विमानापासून गाडीपर्यंत पावलं किती? पायऱ्या किती, कठडा आहे का? साडी नेसलेल्या पाहुण्या असतील तर गालिच्याची कड अडकणार नाही ना? पाऊस आला तर मानवंदना कुठे? सगळ्यांत जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर? दुभाषा कुठे बसेल, त्याला ऐकू येईल का? आपल्या सरकारी भाषेत ज्याला 'मिनिट टू मिनिट कार्यक्रम' म्हणतात, तो इथे जन्माला येतो. गावात मंत्री येणार असले की तहसीलदार कचेरीत जो कागद फिरतो, त्याचाच हा मोठा भाऊ. फरक एवढाच की इथे एका ओळीवर दोन देशांची संमती लागते.

आधी जाऊन बघण्याला किती किंमत आहे ते ६ एप्रिल २०२१ रोजी अंकारात दिसलं. युरोपीय संघाचे दोन नेते तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांच्या भेटीला गेले होते, युरोपीय परिषदेचे अध्यक्ष शार्ल मिशेल आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन. दालनात मानाच्या खुर्च्या दोनच. एर्दोआन आणि मिशेल बसले. फॉन डेर लायन क्षणभर उभ्याच राहिल्या आणि मग बाजूच्या सोफ्यावर बसल्या. ते दृश्य जगभर गेलं. युरोपीय परिषदेच्या शिष्टाचार पथकानं नंतर खुलासा केला की तयारीच्या वेळी त्यांना त्या दालनात जाऊच दिलं नव्हतं, कारण ते अध्यक्षांच्या कार्यालयाला फार लागून होतं. एक खोली पाहायची राहिली आणि त्या भेटीतली सगळी चर्चा मागे पडून लोकांच्या लक्षात फक्त ती खुर्ची राहिली.

खुर्चीवरून एवढं काय, हा प्रश्न मराठी माणसाला तरी पडू नये. १२ मे १६६६ रोजी आग्र्यात जे घडलं ते आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण ते तयारीच्या नजरेनं पुन्हा वाचून बघा. शिवाजी महाराजांच्या स्वागताची जबाबदारी मिर्झाराजांचा मुलगा रामसिंग याच्यावर होती. नेमकी त्याच दिवशी त्याची बादशाही पहाऱ्याची पाळी आली. त्यानं आपला मुन्शी पुढे पाठवला, स्वतः मागाहून निघाला, आणि दोन्ही मंडळी वेगवेगळ्या रस्त्यांनी गेल्यामुळे चुकामूक झाली. दरबारात पोचायला उशीर झाला, तोवर दिवाण-इ-आम आटोपून बादशहा दिवाण-इ-खासमध्ये गेला होता. नजराणा स्वीकारला गेला, पण बादशहा एक शब्द बोलला नाही, आणि महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत नेऊन उभं केलं गेलं. समोर मोगल सरदार जसवंतसिंहाची पाठ. त्या क्षणी महाराजांनी जो संताप भर दरबारात बोलून दाखवला, तो वैयक्तिक अहंकाराचा नव्हता. रांगेतली जागा म्हणजे 'तुम्ही आमचे चाकर' असं न बोलता सांगणं होतं, आणि त्यांनी ते तिथल्या तिथे नाकारलं.

मला वाटतं, राजशिष्टाचाराचा सगळा गाभा इथे आहे. देश लहान असो की मोठा, गरीब असो की श्रीमंत, दोघांच्या खुर्च्या सारख्या उंचीच्या, दोघांचे झेंडे सारख्या आकाराचे, दोघांची राष्ट्रगीतं पूर्ण. ताकदीत जे देश बरोबरीचे नाहीत, त्यांना निदान त्या दालनात बरोबरीनं बसवायचं काम ही व्यवस्था करते. मानपान म्हणून आपण त्याची हेटाळणी करतो, पण लहान देशांकडे हाच मान असतो.

झेंड्यांचं शास्त्र तर स्वतंत्र आहे. आपल्या ध्वजसंहितेत लिहिलंय की परदेशी पाहुणा सरकारी गाडीतून जात असेल तर तिरंगा गाडीच्या उजव्या बाजूला आणि पाहुण्याच्या देशाचा ध्वज डाव्या बाजूला. राष्ट्रपती परदेशी जातात तेव्हा विमानावर तिरंग्यासोबत त्या देशाचा ध्वज लागतो, आणि वाटेत आणखी कुठे उतरावं लागलं तर तिथे त्या देशाचा. म्हणजे इंधन भरायला थांबायचं असलं तरी तिसऱ्या देशाचा ध्वज आधी विमानात ठेवलेला हवा. राष्ट्रगीताची स्वरलिपी यजमान देशाच्या बँडकडे आधी जाते, वाजवून घेतलं जातं, दूतावासातलं कुणीतरी ते कान देऊन ऐकतं. आपलं राष्ट्रगीत साधारण ५२ सेकंदांचं. लय जरा ओढली की आपल्या कानाला लगेच खटकतं. आणि तरीही चुका होतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये क्वालालंपूरला भारत आणि जपानच्या पंतप्रधानांच्या भेटीच्या वेळी मागचा तिरंगा उलटा लागलेला होता. ते छायाचित्र पाहून ज्यांना चटका बसला, त्यांना ध्वज तपासणाऱ्या माणसाच्या कामाचं मोल सांगायला नको.

आता आकाश. विमान ज्या ज्या देशावरून उडणार त्या प्रत्येकाची परवानगी आधी मागावी लागते. राष्ट्रप्रमुखाचं विमान हे सरकारी विमान, त्याला प्रवासी विमानांचे सरसकट नियम लागू होत नाहीत. एरवी ही परवानगी मुकाट्यानं मिळते आणि कुणाला तिचा पत्ताही लागत नाही. ती नाकारली जाते तेव्हा मात्र बातमी होते. सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद आइसलँड, स्वित्झर्लंड आणि स्लोव्हेनियाच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा पाकिस्ताननं आपल्या हद्दीतून जायला नकार दिला. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानासाठी तो सरळ रस्ता बंद झाला की मार्ग, वेळ, इंधन आणि पोचण्याची घटका सगळं नव्यानं मांडावं लागतं. आणि तिकडे मानवंदनेचं पथक तर ठरल्या वेळेला उभं राहणार असतं.

यापेक्षा वाईट प्रसंग जुलै २०१३ मधला. बोलिव्हियाचे अध्यक्ष एवो मोरालेस मॉस्कोहून घरी निघाले होते. अमेरिकेची गुपितं फोडल्यामुळे तिला हवा असलेला एडवर्ड स्नोडेन त्यांच्या विमानात लपला असावा असा संशय पसरला आणि फ्रान्स, पोर्तुगालसह काही युरोपीय देशांनी वाट अडवली. विमान व्हिएन्नाला उतरवावं लागलं. एका सार्वभौम देशाच्या प्रमुखानं ती रात्र विमानतळावर काढली. स्नोडेन विमानात नव्हताच. दक्षिण अमेरिकेत या अपमानावरून केवढा संताप उसळला! याच्या अगदी उलट रीत पोपची. ते ज्या ज्या देशावरून उडतात, त्याच्या प्रमुखाला विमानातून शुभेच्छांची तार पाठवतात. कुणाच्या तरी अंगणातून जातोय याची जाणीव ठेवणारी ही पद्धत मला फार आवडते.

पण या साऱ्या तयारीतलं सगळ्यांत अवघड काम गालिच्याचं नाही की विमानाचं नाही, ते शब्दांचं आहे. भेटीनंतर जे संयुक्त निवेदन प्रसिद्ध होतं, ते दोन नेते बसून लिहीत नाहीत. त्याचा मसुदा आठवडेच्या आठवडे दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांमध्ये येरझाऱ्या घालतो. ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसात ठेवतात, आणि एकेक कंस सुटत जातो. या भाषेत प्रत्येक क्रियापदाचं वजन ठरलेलं आहे. एखाद्या गोष्टीची 'नोंद घेतली' म्हणजे ऐकलं, पण आमचं मत राखून. 'स्वागत केलं' म्हणजे आवडलं, पण बांधील नाही. 'पाठिंबा दिला' म्हणजे आता मागे फिरता येणार नाही. 'दोन्ही देश अमुक करतील' आणि 'करण्याचा प्रयत्न करतील' या दोन वाक्यांमध्ये कधी कधी शेकडो कोटींचा फरक असतो. शेजारच्या तिसऱ्या देशाचं नाव घ्यायचं की 'या प्रदेशातील परिस्थिती' म्हणायचं, यावर मध्यरात्र उलटते.

मसुदा ठरला तरी कागदाचा प्रश्न उरतो. कराराच्या दोन मूळ प्रती निघतात. भारताकडे राहणाऱ्या प्रतीत भारताचं नाव आधी येतं, समोरच्या देशाकडे राहणाऱ्या प्रतीत त्याचं. कोण पहिला आणि कोण दुसरा हा वाद या साध्या युक्तीनं शतकापूर्वीच मिटवून टाकलाय, आणि किती सुंदर मिटवलाय! भारताचे बरेचसे द्विपक्षीय करार तीन भाषांत होतात, हिंदी, त्या देशाची भाषा आणि इंग्रजी. अर्थ लावताना मतभेद झाला तर बहुधा इंग्रजी पाठ प्रमाण मानला जातो. म्हणजे शेवटच्या रात्री इंग्रजीत एक स्वल्पविराम बदलला तर दोन अनुवादकांना पहाटेपर्यंत जागून बाकीच्या दोन भाषांत तो बदल करावा लागतो. सकाळी टेबलावर चामडी बांधणीच्या दोन वह्या नीट ठेवलेल्या दिसतात. आत फितीनं शिवलेली पानं असतात, सहीची जागा खुणेनं दाखवलेली असते, आणि मागे उभा अधिकारी शाई टिपायचा कागद हातात धरून असतो.

मसुदा आधी ठरलेला नसेल तर काय होतं, हे पुन्हा आग्र्यातच दिसलं. जुलै २००१. पाकिस्तानचे अध्यक्ष परवेझ मुशर्रफ १४ तारखेला दिल्लीत आले, जुन्या दिल्लीतली आपली जन्माची हवेली पाहून आले, आणि मग आग्र्यात अटलबिहारी वाजपेयींशी बोलणी सुरू झाली. राजशिष्टाचारात कुठे उणं नव्हतं. स्वागत झालं, ताजमहाल पाहून झाला. पण दोन्ही बाजूंना आधीच मान्य असलेला मसुदा हातात नव्हता. काश्मीर आणि सीमेपलीकडचा दहशतवाद यांचा उल्लेख कोणत्या शब्दांत करायचा यावर १६ जुलैचा सबंध दिवस गेला. मजकूर आत जाई, बदलून बाहेर येई. अखेर रात्री उशिरा मुशर्रफ कोणत्याही निवेदनाशिवाय इस्लामाबादला परतले. अजमेरच्या दर्ग्याची ठरलेली भेटही राहून गेली. त्याआधी, फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसनं लाहोरला गेले तेव्हा परराष्ट्र सचिवांच्या पातळीवर कागद तयार होता आणि २१ फेब्रुवारीला लाहोर जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. पुढे काही महिन्यांत कारगिल घडलंच. चांगली तयारी चांगला कागद देऊ शकते, समोरच्याची नियत ती बदलू शकत नाही. हेही मान्य करायला हवं.

जेवण आणि भेटवस्तू हा विषय लोकांना सर्वांत रंजक वाटतो, म्हणून थोडं त्याबद्दल. पाहुणा काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे, उपवास कधी आहेत, याची यादी महिनाभर आधी जाते. सप्टेंबर २०१४ मध्ये पंतप्रधान मोदी वॉशिंग्टनला गेले तेव्हा नवरात्राचे उपवास होते. ओबामांच्या मेजवानीत त्यांनी फक्त पाणी घेतलं. जून २०२३ च्या भेटीत व्हाइट हाउसच्या शाही मेजवानीचा बेत मुख्यतः शाकाहारी ठेवला होता. पाहुण्याचा मान ठेवताना यजमानानं स्वतःला किती मुरड घालायची, याचाही विचार लागतो. जानेवारी २०१६ मध्ये इराणचे अध्यक्ष रुहानी रोमला आले तेव्हा संग्रहालयातले नग्न पुतळे पेट्यांनी झाकून टाकले. इटलीतच त्यावर टीकेची झोड उठली. मला ती टीका रास्त वाटते. पाहुण्याला दुसऱ्या दालनात बसवता आलं असतं, आपल्याच कलेला लपवायची गरज नव्हती.

भेटवस्तू निवडताना ती आपल्या मातीतली असावी, पाहुण्याच्या श्रद्धेला दुखावणारी नसावी आणि विमानात सुखरूप जावी, असा तिहेरी विचार असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये नायजेरियाच्या अध्यक्षांना दिलेला चांदीचा पंचामृत कलश कोल्हापूरच्या कारागिरीचा होता. उलट आपल्या नेत्यांना परदेशात मिळालेली भेट त्यांची खासगी मालमत्ता होत नाही. ती तीस दिवसांत परराष्ट्र मंत्रालयाच्या तोषाखान्यात, म्हणजे भेटवस्तूंच्या सरकारी कोठारात, जमा करायची, तिथे तिचं मोल ठरतं, आणि पाच हजार रुपयांपर्यंतची असेल तरच ती पैसे न भरता परत मिळते.

दौऱ्याच्या शेवटच्या दिवशी दूतावासातली माणसं दोन-तीन रात्री धड झोपलेली नसतात. विमानतळावर राजदूत आणि यजमानांचे प्रतिनिधी रांगेत उभे असतात. शिडी बाजूला होते, दार बंद होतं, विमान धावपट्टीवर वळतं. ते डोळ्यांआड होईपर्यंत कुणी जागेवरून हलत नाही. मग दुसऱ्या दिवसापासून हिशेब सुरू होतो. गाड्यांची बिलं, आभाराची पत्रं, आणि जे जे कबूल केलं त्याची यादी, प्रत्येक ओळीपुढे खात्याचं नाव आणि मुदत.

एप्रिल २०२५ मध्ये लिस्बनहून राष्ट्रपतींचं विमान स्लोव्हाकियाकडे निघालं. तिकडे ब्रातिस्लाव्हात दुसरा दूतावास, दुसरं पथक आणि दुसरा मिनिट टू मिनिट कार्यक्रम वाट पाहत होता. ९ तारखेला तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाबाहेर पारंपरिक पोशाखातलं एक जोडपं पाव आणि मीठ घेऊन उभं होतं. स्लाव्ह लोकांची ही पाहुण्याच्या स्वागताची जुनी रीत. पावाचा लहानसा तुकडा मोडायचा, मिठाला लावायचा आणि तोंडात घालायचा. पाहुण्याला हे आधी सांगून ठेवावं लागतं, आणि ते सांगणारा कुणीतरी अधिकारी त्या वेळी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभा असतो.